फ्लायव्हीलखाली थेंब दिसला म्हणून लगेच इंजिन उतरवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आजोबांची १९६९ ची फोक्सवॅगन बीटल, १३०० चं इंजिन, ठाण्यात पाचपाखाडीत सोसायटीच्या आवारात उभी असते. रोज सकाळी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली ऑइलचा डाग दिसतो. पेव्हर ब्लॉक खराब होतात म्हणून सेक्रेटरींची चिठ्ठी येऊन गेली. थोडी लांब चक्कर मारली की गाडीत जळक्या ऑइलचा वास येतो. एका फिटरने ‘मेन सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल’ म्हणून सांगितलं. दुसऱ्याने खालून सगळीकडे सिलिकॉन फासलं. गळती काही दिवस थांबली आणि पुन्हा सुरू झाली. आता इंजिन उतरवायचं की नाही?

कदाचित उतरवावं लागेल. पण आज नाही. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींचा एकमेकींशी मेळ बसत नाही, आणि पहिल्या फिटरने तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

मेन सील म्हणजे क्रँकशाफ्टच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाभोवतीचं सील. त्यातून गळलेलं ऑइल फ्लायव्हीलच्या मागे, बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातल्या, क्लचभोवतीच्या घराच्या) आत उतरतं आणि तळाच्या फटीतून जमिनीवर पडतं. त्याच्या वाटेत गरम असं फारसं काही नाही, त्यामुळे वास येत नाही. वास यायचा तर ऑइल हीट एक्स्चेंजरवर (हीटरची हवा तापवणाऱ्या गरम डब्यावर) किंवा सायलेन्सरच्या पाइपवर पडायला हवं, नाहीतर पंख्याच्या पत्र्याच्या आत, म्हणजे बीटलचं इंजिन ज्या हवेवर थंड होतं त्या हवेतच शिरायला हवं. म्हणजे तुमच्या गाडीत किमान दोन गळत्या आहेत, आणि वासाची गळती बहुधा वरच्या अंगाला आहे. आता वरून गळलेलं ऑइल क्रँककेसच्या (क्रँकशाफ्टभोवतीच्या इंजिनाच्या घराच्या) कडेने ओघळून नेमकं त्याच सांध्यापाशी येऊन टपकू शकतं. थेंब जिथे पडतो ती सगळ्यात खालची जागा असते, गळती असते तिच्या वर कुठेतरी. सील बदललं आणि डाग तसाच राहिला, अशी परिस्थिती मला तुमच्यावर येऊ द्यायची नाही.

सिलिकॉन का टिकलं नाही, तेही सांगतो. बाहेरून फासलेल्या सिलिकॉनला तेलकट धातूवर पकड नसते, आणि आतून ऑइल ढकललं जात असेल तर ते फुगून सुटतं. उलट आता तुमचं पहिलं काम ते सगळं खरवडून काढायचं. लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी वापरा. क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे, स्क्रू-ड्रायव्हरने त्याच्यावर सहज चरे पडतात.

पण पाना हातात घेण्याआधी दाब बघा. बीटलच्या इंजिनात पिस्टनच्या रिंगांवरून थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये येतोच. तो बाहेर जायची वाट म्हणजे ऑइल भरायच्या नळकांड्यावरून एअर क्लीनरला जाणारा रबरी पाइप. त्याच नळकांड्यातून एक बारीक नळी खाली पत्र्यातून बाहेर येते, तिच्या टोकाला रबराची चोच असते. ही वाट बंद झाली की गॅस दुसरीकडून निघायचा प्रयत्न करतो : पुलीतून, टॅपेट कव्हरमधून, सीलमधून. नेरुळहून माझ्याकडे एक बीटल आली होती. तिला कोणीतरी हौसेने मोठा गोल फिल्टर बसवला होता आणि जुन्या पाइपचं तोंड उरलं म्हणून त्यात बोल्ट ठोकून वर क्लिप आवळली होती. मेन सील त्याआधीच बदलून झालं होतं, गळती मात्र होती तशीच. बोल्ट काढला, पाइप फिल्टरला जोडला आणि गाडी धुऊन परत दिली. ती गळती तिथेच मिटली. तेव्हा तुमचा पाइप काढून त्यातून फुंकून बघा. आतून घट्ट मळ निघाला तर रॉकेलने धुवा. चोचीचं रबर चिकटलंय का, तेही बघा.

मग डिपस्टिक. या इंजिनात ऑइल जेमतेम अडीच लिटर बसतं. आपल्याकडे ‘साडेतीनचा कॅन आणलाय, ओत सगळा’ अशी सवय असते. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली की मागच्या पुलीतून ऑइल उडायला लागतं, कारण तिथे सीलच नाही. तिथे फक्त ऑइल बाहेर फेकणारी चकती आणि पुलीच्या मानेवर उलट्या फिरकीची खाच असते. फिरताना ती ऑइल परत आत ओढते. ही योजना बरोबर चालते, पण पातळी आणि दाब आवाक्यात असतील तरच. पुलीच्या सरळ रेषेत पत्र्यावर आणि मागच्या झाकणावर उभा तेलकट पट्टा दिसला तर पुली दोषी. आणि दोषी म्हणजे बहुतेक वेळा पुलीच्या मागचा दाब.

डिपस्टिक काढल्यावर वास घ्या. पेट्रोलचा वास आला, किंवा ऑइल न भरता पातळी वाढलेली दिसली, तर गाडी तिथेच ठेवा. फ्युएल पंपाचा पडदा फाटला किंवा कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई बसत नसली की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पाण्यासारखं पातळ होतं आणि बेअरिंगं जातात. त्यापुढे गळतीची चर्चा गौण आहे.

दाब जास्त आहे का, हे कळायला घरगुती उपाय पुरतो. इंजिन गरम करा, आयडलवर ठेवा, ऑइलचं झाकण काढा. थोडी वाफ आणि हलकी फुंकर ठीक आहे. पण ठोक्याठोक्याला धूर येत असेल, झाकण तोंडावर नुसतं ठेवलं तर नाचत असेल, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. मग कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या : इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. रिंगा गेलेल्या इंजिनाला नवीन सील घालणं म्हणजे पैसे वाया.

हे सगळं ठीक निघालं की मग शोध. इंजिन थंड असताना रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन खालची बाजू धुवा. बॅटरीची तार आधी काढा, आणि रॉकेल पूर्ण उडून गेल्याशिवाय स्टार्टर मारू नका. सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशरच्या पाण्याने वरून धुऊ नका, डायनॅमो आणि डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी जातं. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमची हेडं खातो आणि ॲसिडवाली पावडर मॅग्नेशियम खाते, म्हणून दोन्ही नकोत. सुकलं की सांध्यांवर, नळ्यांवर, कव्हरच्या कडांवर साधी टॅल्कम पावडर भुरभुरा. मग माजिवड्याहून घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत जाऊन या. त्या रस्त्यावरच्या रांगेत इंजिन तापायचं ते व्यवस्थित तापतं. परत आलात की गाडी घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. टॉर्च मारा.

पावडरीत पहिला ओला पट्टा कुठे सुरू होतो ते शोधा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा. ‘पुढचा’ म्हणजे गाडीच्या तोंडाकडचा, कारण बीटलचं इंजिन मागे आहे आणि धावताना हवा ऑइल मागे ढकलते. गाडी परतल्यावर लगेच फोटो काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काढा. चालू असतानाच येणारं ऑइल दाबाच्या वाटेवरचं असतं : प्रेशर स्विच, ऑइल कूलर, पंपाचं झाकण. रात्रभर उभ्या गाडीतून पाझरणारं ऑइल साठ्याच्या पातळीवरचं किंवा खालच्या नळ्यांमधलं असतं. तुमचा डाग सकाळचा आहे, हे लक्षात ठेवा.

आता सोप्या जागा. तुमच्या लिहिण्यावरून माझा पहिला संशय टॅपेट कव्हर (हेडवरचं व्हॉल्व्हचं झाकण) आणि पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांवर आहे.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बुचाचं असतं आणि तारेच्या कड्याने दाबून बसतं. जुनं पॅकिंग पापडासारखं कडक होऊन तुटतं. जुन्याचा एकही कण राहू देऊ नका. कव्हरची कड काचेवर ठेवून सपाट आहे का ते बघा. वाकली असेल तर हलक्या हातोडीने सरळ करा. पॅकिंग कव्हरला फेव्हिबॉन्डसारख्या गोंदाने चिकटवा, हेडच्या बाजूला काही लावू नका, फार तर ग्रीसचा हात. पुढच्या वेळी टॅपेट सेट करताना (थंड इंजिनावर ०.१५ मिमी) कव्हर सहज निघायला हवं. बाजारात क्रोमची, बोल्टवाली कव्हरं मिळतात. दिसायला छान, पण गळायची जागा वाढते. तुमच्याकडे मूळ पत्र्याची असतील तर ती विकू नका.

पुशरॉडच्या नळ्या आठ, दोन्ही टोकांना मिळून सोळा सील. नळ्या सिलिंडरच्या खालून हेडपासून क्रँककेसपर्यंत जातात, थेट हीट एक्स्चेंजरच्या वर. तिथून सुटलेला एक थेंब पुरतो, सिग्नलला थांबलात की वास गाडीभर. खाडीच्या हवेत आणि चार महिने पावसात उभ्या गाडीच्या नळ्यांना गंज चढतोच. माझ्या अनुभवात ठाण्या-नवी मुंबईच्या गाड्यांत सीलपेक्षा नळीच फुटलेली जास्त सापडते : वरून रंग बरा, खाली सुईएवढं भोक. नळी हाताला लागण्याजोगी असेल तर नखाने दाबून बघा, गंजाची खपली निघाली तर तीच.

मूळ नळी बदलायला हेड काढावं लागतं. स्प्रिंगवाल्या, दोन तुकड्यांच्या नळ्या मिळतात; त्या हेड न काढता, रॉकर आणि पुशरॉड काढून बसवता येतात. एखाददुसरी गळत असेल आणि बाकी इंजिन ठणठणीत असेल तर मी त्या बसवतो, पण कायमचा उपाय म्हणून नाही. हेड काढायचंच असेल तर मूळ पद्धतीच्या नव्या नळ्या घ्या. बसवण्याआधी त्यांची दोन्हीकडची घडी हाताने सारखी ओढून लांबी १९० ते १९१ मिमी करा. हे सगळ्यात जास्त वेळा राहून जातं. न ओढलेली नळी सीलवर दाबच देत नाही, आणि नवीन काम महिन्याभरात गळतं. नळीची शिवण वरच्या बाजूला. सील सिलिकॉनचं घ्या, जुन्या काळ्या रबराचं नको. हेडचे १० मिमीचे नट टप्प्याटप्प्याने, ठरलेल्या क्रमाने, ३.२ किलोग्रॅम-मीटरपर्यंत. ‘जरा आणखी’ म्हणून कोणाला ओढू देऊ नका. मॅग्नेशियममधून स्टड उपटून येतात, आणि मग त्या भोकात नवीन आटे बसवून घ्यायला लेथवाल्याकडे जावं लागतं.

चेंबरची (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या जागेची) जाळी आणि तिची प्लेट : सहा बारीक नट, दोन पातळ कागदी पॅकिंग, तांब्याचे वायसर. हे नट फक्त ०.७ किलोग्रॅम-मीटरचे. जोर लावला की प्लेट भोकांपाशी वाकते आणि मग काही केलं तरी पाझरते. तुमचा फिटर ऑइल बदलताना ही प्लेट इम्पॅक्ट गनने आवळत असेल तर निदान एक गळती तिथेच सापडली. प्लेट सरळ करा, वायसर नवे घाला. प्रेशर स्विच डिस्ट्रिब्युटरच्या शेजारी आहे. त्याच्या प्लास्टिकमधून ऑइल पाझरायला लागलं की तो बदलायचा, इतकंच. आटे निमुळते आहेत, फार आवळलं तर क्रँककेस तडकतो. डिस्ट्रिब्युटरचा ओ-रिंग, फ्युएल पंपाखालचं पॅकिंग, ऑइल पंपाचं झाकण, हेही एकदा बघून घ्या.

ऑइल कूलरकडे मात्र वेळ द्या. तो पंख्याच्या पत्र्याच्या आत उभा असतो, बाहेरून दिसत नाही. गळला की ऑइल डाव्या बाजूच्या सिलिंडरांवर, विशेषतः तीन नंबरवर पडतं. तीन नंबर हा एरवीही सगळ्यात गरम. तिथे ऑइल आणि धूळ मिळून फिनांत (सिलिंडरवरच्या, हवेने थंड होणाऱ्या पट्ट्यांत) माती बसते, हवा थांबते आणि सिलिंडर आणखी तापतो. पाण्यावरच्या गाडीत ऑइल गळलं तर ऑइलच जातं, इथे कूलिंगही जातं. शिवाय याच पत्र्यातली हवा हीटरच्या वाटेने आत येते, त्यामुळे कूलरची गळती थेट नाकाला कळते. डावी बाजू पुढून मागपर्यंत ओली आणि उजवी कोरडी, सकाळी सुरू केल्या केल्या जास्त गळती, गरम झाल्यावर कमी, असा नमुना दिसला तर कूलर किंवा त्याखालचे दोन सील. हे सील घेताना फसू नका : १९७० च्या सुमाराला क्रँककेसमधली भोकं ८ मिमीवरून १० मिमी झाली, आणि जुना-नवा मेळ घालायला तिसऱ्या जातीचे सील येतात. तुमची गाडी १९६९ ची असली तरी इंजिन बदललेलं असू शकतं. सील मागवण्याआधी भोक मोजा.

कूलर फुटण्याचं एक कारण खाली असतं. ऑइलचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह अडकला की थंड, घट्ट ऑइलचा सगळा जोर कूलरवर येतो. खालून मोठ्या स्क्रूसारखं झाकण काढून त्याचा दट्ट्या सहज सरकतो का ते बघा. चांगल्या इंजिनात ऑइल गरम असताना २५०० फेऱ्यांना ४२ पीएसआयच्या आसपास दाब असतो. २८ च्या खाली गेला तर बेअरिंगांचा विचार करायला हवा. गळती थांबावी म्हणून ट्रकचं जाड ऑइल भरण्याचा सल्ला मिळेल. ऐकू नका. २०डब्ल्यू-५० पुरतं. गळती बंद करणाऱ्या बाटल्यांतली औषधंही नकोत, ती रबर फुगवतात आणि मग मऊ करून सोडतात.

एवढं होऊनही बेल हाउसिंगच्या तळातूनच ऑइल येत असेल, आणि त्याच्या वरचं सगळं कोरडं असेल, तर इंजिन उतरवा. त्याआधी तो थेंब बोटावर घेऊन वास बघा. गंधकासारखा उग्र, चिकट असेल तर तो गिअर ऑइलचा आहे, म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलंय आणि तुमचं मेन सील निर्दोष आहे. शिवाय उतरवण्यापूर्वी पुली धरून क्रँक पुढे-मागे ढकला. टक्-टक् असा स्पष्ट आवाज आला तर खेळ जास्त आहे. तो ०.०७ ते ०.१३ मिमी असायला हवा, ०.१५ ही शेवटची मर्यादा. मेन बेअरिंग झिजलेलं असेल तर नवीन सीलही फार टिकणार नाही.

इंजिन उतरवणं बीटलमध्ये सोपं आहे : वरचे दोन बोल्ट, खालचे दोन स्टड, वायरी, ॲक्सिलरेटरची केबल, हीटरच्या केबली, पेट्रोलचा पाइप. वजन शंभर किलोंच्या वर आहे, ट्रॉली जॅक आणि दोन माणसं हवीत. सोसायटीच्या आवारात हे करू नका. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळेला जागा असलेलं गॅरेज बघा, लेथवालाही शेजारी मिळतो.

फ्लायव्हील काढलं की मेन सील दोषी धरण्याआधी बाकीचे संशयित बघा. क्लच प्लेटच्या मध्यापासून बाहेर ऑइलचे फवारे असतील तर मधला नट किंवा फ्लायव्हीलच्या आतला ओ-रिंग. दहा रुपयांच्या मोलाची वस्तू, पण हमखास विसरली जाते. सीलच्या खाली, कॅमशाफ्टच्या टोकाला एक गोल झाकण असतं, तेही पाझरतं. सीलच घालायचं असेल तर फ्लायव्हीलच्या मानेवर नख फिरवा. खाच लागली तर लेथवर फक्त पॉलिश करून घ्या, माल काढू नका. एंड प्ले, म्हणजे क्रँकचा तो पुढे-मागे खेळ, मोजताना सील आणि ओ-रिंग न घालता दोन शिम (मापाच्या पातळ चकत्या) घालून मोजायचं, मग तिसरा शिम निवडून खेळ ०.१० च्या जवळ आणायचा. शिम नेहमी तीन. मधला नट ३६ चा, त्याला ३० किलोग्रॅम-मीटर लागतात. एवढा टॉर्क पाना गॅरेजमध्ये नसेल तर आडव्या धरलेल्या दांड्यावर नटापासून एक मीटरवर ३० किलो वजनाचा भार द्यायचा. ‘दोघं लटकलो आणि आवळलं’ हे माप नाही.

इंजिन खाली असताना नळ्या, कूलरचे सील, क्लच प्लेट आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलून घ्या. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, आणि मॅग्नेशियमचं इंजिन पेटलं तर सहजासहजी विझत नाही. ऑइलच्या डागापेक्षा मला तुमच्या पेट्रोलच्या पाइपची जास्त काळजी वाटते.

सीलांसाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात फिरलात तर ओ-रिंग आणि साधे सील मापावर मिळतील, पण नळ्या, कूलरचे सील आणि मेन सील बीटलचेच मागवा. ते हातात आल्यावरच इंजिनाला हात लावू द्या. उघडून ठेवलेलं इंजिन पावसाळ्यात पडून राहिलं की गंज लागतो. जोडून झाल्यावर पहिल्या फेरीनंतर टॅपेट कव्हर आणि चेंबरची प्लेट पुन्हा बघा. क्रँककेसच्या शिवणीवर थोडी ओल कायम राहील, थेंब धरत नसेल तर तिला हात लावू नका. सेक्रेटरींसाठी सध्या गाडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवा आणि त्यात पुठ्ठा घाला. पुठ्ठ्यावर थेंबाची जागा पेनाने खूण करून ठेवलीत तर पुढच्या वेळी मला तोच फोटो पाठवा.